‘अपघात निम्म्यावर आले’ हे वाक्य कसं वाचायचं? जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवरून थोडी उलटतपासणी

पेट किंवा नेट झाल्यावर संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या तिघा-चौघांनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला, फक्त शब्द वेगळे होते. "एखाद्या उपाययोजनेचा परिणाम झाला की नाही, हे सिद्ध कसं करायचं? आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दिला की झालं ना?"

नाही झालं. का नाही, ते आज माझ्या भागातल्या उदाहरणावरून सांगते. विषय रस्ते अपघातांचा आहे, पण तुम्ही शिक्षण, शेती, आरोग्य काहीही अभ्यासत असाल तरी चूक हीच होते. मीही केली होती. ती पुढे सांगतेच.

आधी रस्ता बघू

पुणे-नाशिक महामार्ग खेड ओलांडून आंबेगाव तालुक्यात शिरतो, मंचर-कळंबवरून जुन्नर तालुक्यात येतो आणि नारायणगाव, आळेफाटा करत संगमनेरकडे जातो. आळेफाट्यावर त्याला कल्याण-नगर महामार्ग छेदतो, जो माळशेज घाटातून ओतूरमार्गे येतो. या दोन रस्त्यांवर लांबच्या पल्ल्याचे ट्रक असतात. त्यांच्या जोडीला टोमॅटो-कांद्याचे पिकअप, उसाच्या ट्रॉल्या, एसटी, वडाप आणि फाट्यावरून डेअरीत दूध घालायला निघालेले दुचाकीवालेही असतात.

१७ जानेवारी २०२५ ला सकाळी नारायणगावजवळ एका टेम्पोनं प्रवासी घेऊन निघालेल्या छोट्या गाडीला मागून धडक दिली. ती गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिकाम्या बसवर आदळली. ९ माणसं गेली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये कल्याण-नगर महामार्गावर डिंगोऱ्याजवळ पिकअप आणि रिक्षाच्या अपघातात ८ जण गेले होते. जानेवारी हा रस्ता सुरक्षा अभियानाचा महिना. फलक लागलेले असतात, शाळांमधून शपथ दिली जाते, आणि नारायणगावचा अपघात त्याच महिन्यात झाला.

अशा अपघातानंतर गावागावांतून मागण्या येतात: गतिरोधक टाका, सिग्नल बसवा, दिवे लावा, वडाप बंद करा. त्यातलं काहीतरी होतं. वर्षभरानं बातमी येते की त्या ठिकाणी आता अपघात कमी झाले. माझी हरकत नेमकी या शेवटच्या वाक्याला आहे.

माझा पहिला आराखडा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं आराखडा लिहिला होता. महामार्गावरची सगळ्यात जास्त अपघातांची ठिकाणं निवडायची, तिथे सुधारणा होण्याआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं घ्यायची, फरक काढायचा. टी-टेस्ट लावायची. संपलं.

मॅडमनी दोन पानं वाचली आणि एकच विचारलं, "तू ही ठिकाणं का निवडलीस?"

म्हटलं, "तिथे सगळ्यात जास्त अपघात झाले म्हणून."

"मग तिथे काहीच केलं नसतं, तर पुढच्या तीन वर्षांत किती झाले असते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने या एका प्रश्नात गेले. तुमचे वाचावेत म्हणून त्या दोन महिन्यांचं सार इथे देते.

ब्लॅक स्पॉटचं गणित

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा ३ वर्षांत मिळून १० मृत्यू झाले असतील, तर तो ब्लॅक स्पॉट.

आता एक विचारप्रयोग करा. समजा आपल्याकडे ५०० मीटरचे १०० पट्टे आहेत आणि सगळे सारखेच धोकादायक आहेत. प्रत्येकाची खरी सरासरी ३ वर्षांत ३ गंभीर अपघात. कोणताही पट्टा दुसऱ्यापेक्षा वाईट नाही. तरी प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी बरोब्बर ३ अपघात होणार नाहीत. कुठे १, कुठे ४, कुठे ६. पॉयसन वितरण लावून बघितलं, तर १०० पैकी साधारण १८ पट्ट्यांवर ५ किंवा जास्त अपघात निव्वळ योगायोगानं होतात. व्याख्येनुसार हे १८ झाले ब्लॅक स्पॉट. त्यांची त्या ३ वर्षांतली सरासरी येते साधारण ५.७.

पुढच्या ३ वर्षांत तिथे काय होईल? खरा धोका ३ चाच आहे, म्हणून सरासरी पुन्हा ३ वर येईल. म्हणजे ५.७ वरून ३. घट साधारण ४८ टक्के. रस्त्यावर एक खडासुद्धा हलवलेला नाही!

याला संख्याशास्त्रात ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. आपण ‘सरासरीकडे परतणं’ म्हणू. क्रिकेटमध्ये एका मालिकेत भरमसाट धावा काढणारा फलंदाज पुढच्या मालिकेत थोडा खाली येतो, तसंच. त्याचा फॉर्म गेलेला असेलच असं नाही, आपण त्याला शिखरावर असताना निवडलेलं असतं.

खरे पट्टे अर्थातच सारखे नसतात. काही ठिकाणी वळण चुकीचं असतं, दुभाजकाची फट भलत्या जागी असते, फाटा दिसतच नाही. तिथे अपघात नशिबानं होत नाहीत आणि सुधारणेनं ते खरोखर कमी होतात. अडचण एवढीच की साध्या आधी-नंतर तुलनेत सुधारणेमुळे झालेली घट आणि आपोआप झालेली घट एकाच आकड्यात मिसळलेली असते. कॅनडातले संशोधक एझ्रा हाउअर यांनी १९९७ च्या पुस्तकात हा गुंता सोडवायची पद्धत सविस्तर मांडली. तिला ‘एम्पिरिकल बेज’ म्हणतात. त्या ठिकाणचा स्वतःचा आकडा आणि तशाच इतर ठिकाणांची सरासरी यांचा मेळ घालून ‘काही केलं नसतं तर काय झालं असतं’ याचा अंदाज काढायचा. मॅडमचा प्रश्नही हाच होता.

या व्याख्येची दुसरी बाजूही बघा. नारायणगावजवळ एका अपघातात ९ जण गेले. अपघात मोजले तर १, हवे ५. मृत्यू मोजले तर ९, हवे १०. म्हणजे तेवढ्या एका अपघातानं ती जागा ब्लॅक स्पॉट ठरत नाही. डिंगोऱ्याचंही तसंच. १७ माणसं गेली, तरी त्या दोन अपघातांच्या जोरावर एकही जागा यादीत येत नाही. उलट पाच दुचाकीवाल्यांचे हातपाय मोडले की जागा लगेच यादीत. म्हणून व्याख्या चुकीची ठरत नाही, कारण कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण फक्त यादीतल्या ठिकाणांवर खर्च करणारं धोरण विखुरलेला धोका बघू शकत नाही. उभी बस, मागून येणारा टेम्पो आणि मध्ये सापडलेली प्रवासी गाडी हा प्रसंग या रस्त्यावर कुठल्याही किलोमीटरला घडू शकतो.

एक्स्प्रेस-वेचं उदाहरण किती लागू पडतं?

आमच्याकडे कुणी रस्ता सुरक्षेवर बोललं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा दाखला येतो. २०१६ पासून तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ चालवला. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी, उघड्या खांबांना संरक्षण, बंद पडलेल्या वाहनांकडे लक्ष, वेगावर कारवाई असं बरंच काम झालं. २०१६ मध्ये १५१ मृत्यू होते, २०१९ मध्ये ९२, २०२० मध्ये ६६.

मला हे काम आवडतं. चालकाला दोष देऊन मोकळं न होता त्यांनी रस्त्याचीही झडती घेतली. तरी संशोधक म्हणून तीन शंका घ्यायलाच हव्यात.

एक, सुरुवातीचं वर्ष. तुलना एकाच वर्षाशी आहे आणि ते वर्ष वाईट होतं. ५ जून २०१६ ला पनवेलजवळ शेडुंग इथे बसच्या एकाच अपघातात १७ जण गेले होते. आधीच्या तीन-चार वर्षांची सरासरी पाया धरली तर घट किती उरते, हे विचारायला हवं.

दोन, शेवटचं वर्ष. २०२० मध्ये टाळेबंदी होती आणि देशभरातच अपघाती मृत्यू कमी झाले. म्हणून मी तरी २०१९ चा आकडा जास्त विश्वासाचा मानेन. तोही ३९ टक्के घट दाखवतो, जी लहान नाही.

तीन, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: तो रस्ता वेगळा आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर, पादचारी यांना बंदी आहे आणि जागोजागी फाटे नाहीत. आमच्याकडे याच्या बरोब्बर उलट. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. द्रुतगती मार्गावरचा उपाय या माणसांपर्यंत पोचेल का, हे तिथल्या आकड्यावरून कळतच नाही. निष्कर्ष एका जागी खरा असणं आणि दुसरीकडे लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आराखड्यात त्या वेगळ्या लिहा.

किती वाटले आणि काय बदललं

आता उसाच्या ट्रॉल्या. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर असे दोन सहकारी कारखाने आहेत. गाळप हंगामात रात्री अंधारात समोर अचानक ट्रॉलीची मागची बाजू येते, तेव्हा काय होतं हे इकडच्या कुठल्याही दुचाकीवाल्याला विचारा. म्हणून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात. छान आहे. पण अहवालात लिहिलेलं असतं ‘इतक्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावले’. हा कामाचा आकडा झाला, परिणामाचा नव्हे. ‘इतक्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं’ हेही तसंच.

परिणाम मोजायचा असेल तर थोडं डोकं लावावं लागतं. रिफ्लेक्टर फक्त रात्री काम करतो, दिवसा त्याचा काही उपयोग नाही. मग दिवसाचे ट्रॉली-अपघात ही आपली आयती तुलना! मोहिमेनंतर रात्रीचे अपघात घटले आणि दिवसाचे तसेच राहिले, तर रिफ्लेक्टरच्या बाजूनं काहीतरी पुरावा मिळाला. दोन्ही सारखेच घटले, तर कारण दुसरं असणार. कदाचित त्या वर्षी ऊसच कमी होता आणि हंगाम लवकर आटोपला. म्हणून अपघातांचा आकडा गाळलेल्या उसाच्या टनांशी भागून बघा. या दिवस-रात्र तुलनेला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी युक्ती एवढीच.

प्रबोधनाबद्दल पुरावा तर निराशाजनक आहे. आधीच परवाना असलेल्या चालकांना पुन्हा प्रशिक्षण दिल्यानं अपघात कमी होतात असा पुरावा कोक्रेनच्या आढाव्यात सापडला नाही. हेल्मेटबद्दलचा कोक्रेनचाच आढावा मात्र स्पष्ट आहे: अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. तरी आपल्याकडे शिबिरांचे फोटो जास्त दिसतात, कारण शिबिर एका दिवसात होतं.

बाह्यवळण आणि नोंदवह्या

मंचर, नारायणगावला बाह्यवळण रस्ते झाले आणि गावातली कोंडी फुटली. आता कुणी गावातल्या जुन्या रस्त्याचे अपघात मोजून ‘बाह्यवळणामुळे इतके टक्के घट’ म्हणालं, तर विचारा: गाड्या गेल्या कुठे? अपघात कधी कधी गाड्यांबरोबर जागा बदलतात. जुना रस्ता, नवा रस्ता आणि दोन्ही जिथे मिळतात ती तोंडं, अशी तिन्हींची बेरीज घ्या. शिवाय नुसते अपघात मोजू नका, मृत्यू आणि गंभीर जखमीही मोजा, कारण मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. नऊ किरकोळ धडका जाऊन एक जीवघेणी आली, तर ती प्रगती म्हणायची का?

मोजायचं म्हटलं की नोंदवही आली. पोलिसांकडे गुन्हा दाखल झालेला अपघात दिसतो. दुचाकी एकटीच घसरली, घरच्यांनी परस्पर दवाखान्यात नेलं, अशा घटना तिथे पोचतच नाहीत असं होऊ शकतं. जखमी माणूस आधी नारायणगाव किंवा मंचरच्या रुग्णालयात, मग पिंपरी नाहीतर पुण्याला जातो. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो अपघाती मृत्यू धरतात, पण त्यासाठी कुणीतरी त्या माणसाचा माग ठेवायला हवा. म्हणून पोलिसांची नोंद आणि रुग्णालयाची नोंद दोन्ही बघा. २०२१ पासून महाराष्ट्रात अपघातांच्या एकत्रित संगणकीय नोंदीची व्यवस्था येऊ लागली. नोंद सुधारली की कागदावरचे अपघात वाढतात. अशा वर्षी चांगला उपायसुद्धा फसलेला दिसेल.

मग नीट कसं करायचं?

राजस्थानातलं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि पोलीस अधिकारी नीना सिंह यांनी तिथल्या पोलिसांबरोबर रात्रीच्या मद्यपी-तपासणीचा प्रयोग केला. कुठल्या पोलीस ठाण्यात नाका एकाच जागी ठेवायचा, कुठे जागा बदलत राहायचं आणि कुठे काहीच करायचं नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एकाच जागच्या नाक्याचा परिणाम दिसला नाही. जागा बदलणाऱ्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. चालक शिकतात ना! नाका रोज तिथेच असेल तर दुसरा रस्ता धरतात. हे साध्या आधी-नंतर तुलनेत कधीच कळलं नसतं.

आमच्याकडे असं करता येईल? जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव, पारगाव अशी दोन तालुक्यांत मिळून ७ पोलीस ठाणी. सातावर चिठ्ठ्या टाकून काही सिद्ध होत नाही, नमुना फारच लहान. शिवाय मृत्यू ही सुदैवानं तशी विरळ घटना, त्यामुळे दोन वर्षांत फरक दिसायला आकडेच पुरत नाहीत. इथे बरेच जण हात टेकतात. पर्याय मात्र आहे: वेग मोजा. स्वीडनच्या गोरान निल्सन यांच्या सूत्रानुसार जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतात. सरासरी वेग ८० वरून ७६ झाला, म्हणजे फक्त ५ टक्के उतरला, तरी जीवघेणे अपघात साधारण १९ टक्क्यांनी घटण्याची अपेक्षा धरता येते. वेग एका आठवड्यात हजारो गाड्यांचा मोजता येतो, त्यासाठी कुणी मरायची वाट बघावी लागत नाही.

काकांचा आक्षेप

हे सगळं मी घरी सांगत होते. आमचे काका चहा पीत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आगं, तुझी ती तुलना राहू दे बाजूला. पयला फाट्यावं गतिरोधक टाकायला सांग. तुमचा अभ्यास होईस्तोवर आजून दोघं-चौघं जात्याल."

हा आक्षेप टाळून पुढे जाऊ नका. काकांचं बरोबर आहे. ‘पुरावा पुरेसा नाही’ हे वाक्य काही न करण्यासाठी वापरणं फार सोपं असतं आणि ते वापरलंही जातं. टीकेचा असा उपयोग होणार असेल, तर त्या टीकेला माझा पाठिंबा नाही.

पण पैसा एका वर्षी सगळ्या फाट्यांना पुरत नाही, हेही तितकंच खरं. वीस फाटे असतील तर यंदा सात, पुढच्या वर्षी सात, मग सहा असंच होणार. तो क्रम कोण ठरवतं? बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा तो. धोका सारखाच असलेल्या फाट्यांत क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, तर कुणाचा गतिरोधक रोखला जात नाही. ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते फाटे आपोआप तुलनेचा गट होतात आणि तीन वर्षांत आपल्याला कळतं की पुढचा पैसा गतिरोधकाला घालायचा, दिव्यांना, की उभ्या गाड्यांसाठी वेगळी जागा करायला. चुकीच्या उपायाला यशस्वी म्हटलं तर पुढची दहा वर्षं तोच उपाय होत राहतो, आणि त्याची किंमत काकांसारखीच माणसं मोजतात.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग आपला फाटा पयल्या सातात धर." म्हटलं, चिठ्ठीत निघाला तर.

जाता जाता

आराखडा लिहिताना हे पाच प्रश्न शेजारी ठेवा. ही ठिकाणं किंवा माणसं का निवडली? काही केलं नसतं तर काय झालं असतं? मोजतोय तो कामाचा आकडा आहे की परिणामाचा? त्रास कमी झाला की दुसरीकडे सरकला? आणि नोंद ठेवायची पद्धत मध्येच बदलली का?

गृहपाठही आहे. स्प्रेडशीटमध्ये सरासरी ३ घेऊन पॉयसनच्या १०० संख्या तयार करा. ५ आणि त्याहून मोठ्या वेगळ्या काढा. मग त्याच जागांसाठी नव्या १०० संख्या तयार करून दोन्ही सरासऱ्या ताडून बघा. एकदा ती ‘घट’ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, की पेपरातलं ‘अपघात निम्म्यावर आले’ हे वाक्य तुम्ही पूर्वीसारखं वाचूच शकणार नाही. आकडे काय आले ते कळवा. पुढच्या लेखात एम्पिरिकल बेज हातानं सोडवून बघू.